जबडा पुढे आला, सांधा कुठे राहिला?

माझा खालचा जबडा कापून सात मिलिमीटर पुढे आणला, त्याला या श्रावणात दोन वर्षे पूर्ण होतील. शाळेतल्या सहकाऱ्यांच्या ओळखीने कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडमधून आजवर सात-आठ मुलींचे आणि त्यांच्या आयांचे मला फोन आले. पहिला प्रश्न चेहऱ्याचा असतो, दुसरा खर्चाचा आणि तिसरा ओठ बधिर राहील का याचा. कानाच्या पुढे जो सांधा आहे त्याचे या शस्त्रक्रियेत काय होते, हे अद्याप एकीनेही आपणहून विचारलेले नाही. मीही आधी विचारले नव्हते, आणि त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचे काही महिने मी नाहक घाबरून काढले. म्हणून मला जे कळले आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून मी जे समजून घेतले, ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

दोन्ही हातांची तर्जनी कानाच्या छिद्राच्या किंचित पुढे ठेवून तोंड सावकाश उघडले, तर बोटाखाली एक उंचवटा आधी जागच्या जागी फिरतो आणि मग पुढे घसरतो. तो खालच्या जबड्याच्या हाडाचा गोल माथा, म्हणजे कॉन्डाइल. कवटीच्या हाडातल्या एका उथळ खोबणीत तो बसतो, आणि माथा व खोबण यांच्यामध्ये चिवट कुर्चेची एक लहानशी चकती असते, जी माथ्याबरोबर पुढे-मागे सरकते. शरीरातले इतर अनेक सांधे एकाच जागी फिरतात. हा सांधा मात्र फिरतो आणि सरकतोही, शिवाय उजवा आणि डावा एकाच हाडाला जोडलेले असल्याने एक हलला की दुसऱ्यालाही हलावेच लागते. निरोगी माणसाचे तोंड समोरच्या दातांमध्ये साधारण चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून थोडे अधिक उघडते.

ती चकती माथ्यावरून पुढे निसटली, तर तोंड उघडताना माथा तिच्या मागच्या कडेवरून उडी घेतल्यासारखा पुढे जातो आणि कटकन आवाज होतो. चकती पुढेच अडकून राहिली आणि माथ्याला तिच्याखाली जाता आले नाही, तर आवाज थांबतो, पण तोंडही पूर्वीइतके उघडत नाही. माझा डावा सांधा एकोणिसाव्या वर्षापासून वाजत होता. मी चौथीच्या वर्गावर कविता म्हणून दाखवत असताना पहिल्या बाकावरच्या एका मुलाने गंभीरपणे विचारले होते, ‘‘बाई, तुमच्या गालात काय वाजतंय?’’ तोपर्यंत तो आवाज मला एकटीलाच ऐकू येतो, अशी माझी समजूत होती.

माझा मूळ दोष जबड्याचा होता. खालचा जबडा मागे राहिल्यामुळे वरचे पुढचे दात खालच्यांच्या नऊ मिलिमीटर पुढे येत, आणि ज्वारीच्या भाकरीचा तुकडा समोरच्या दातांनी तोडता येत नसे. तो हाताने मोडून बाजूच्या दाढेखाली सरकवावा लागे. ज्या दवाखान्यात मी प्रथम गेले, तिथे मला सांगण्यात आले की चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, नीट बसला की सांध्याचा आवाज आपोआप जाईल. त्या दवाखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तसे सांगणारे दवाखाने अनेक आहेत आणि सांगणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. परंतु हे वाक्य चुकीचे आहे, आणि एखादी मुलगी केवळ त्या वाक्याच्या भरवशावर हाडे कापून घ्यायला तयार होते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. चावा बिघडलेला असूनही सांधा आयुष्यभर शांत असलेली माणसे पुष्कळ असतात, आणि दातांची ओळ अगदी आखीव असलेल्यांचेही सांधे दुखतात. चकती सरकलेली असणे इतके सामान्य आहे की कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तर सुमारे एकतृतीयांशांमध्ये ती सरकलेली दिसते.

पुढे ज्या शल्यविशारदांनी माझी शस्त्रक्रिया केली, त्यांनी पहिल्याच भेटीत दोन्ही सांध्यांवर बोटे ठेवून तोंड उघडायला लावले, किती मिलिमीटरवर आवाज होतो ते पट्टीने मोजून कागदावर लिहिले, आणि नंतर एक प्रश्न विचारला ज्याचे उत्तर देणे मला फार जड गेले. त्यांच्या सहायक कन्नडमधून विचारत होत्या, ‘‘नोव ऐतेन्री?’’ दुखते का, एवढे मला समजत होते. पण कसे दुखते हे सांगायला माझ्याकडे कन्नड नव्हते आणि इंग्रजी अर्जावर तर ‘पेन’ या एकाच शब्दापुढे खूण करायची होती. आपल्या भाषेत दुखण्याला किती नावे आहेत, हे मला त्या दिवशी जाणवले. सकाळी उठल्यावर गाल शिणल्यासारखे होत, कानशील जड होई, दाढवण आवळून आल्यासारखी वाटे. कधीतरी जांभई देताना मात्र कानापुढे नेमक्या एका ठिकाणी कळ येई. मी हे मराठीतच सांगितले आणि डॉक्टरांनी ते तसेच लिहून घेतले, कारण शिणणे आणि आवळणे हे बहुधा स्नायूंचे दुखणे असते आणि ठिकाण धरून येणारी कळ सांध्याची. शस्त्रक्रियेनंतर या दोहोंचा प्रवास वेगवेगळा होतो. सीमाभागातल्या ज्या बायकांना डॉक्टरांपुढे भाषेचा संकोच वाटतो, त्यांना माझे आवर्जून सांगणे आहे की दुखणे आपल्याच शब्दांत सांगावे आणि सोबत दुभाषा हवा असेल तर तो न्यावा.

आता शस्त्रक्रियेत सांध्याची जागा का बदलते, याकडे येते. खालचा जबडा पुढे किंवा मागे नेण्यासाठी जी पद्धत जगभर सर्वाधिक वापरली जाते, ती ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी १९५७ साली इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकातून मांडली आणि दाल पोंट यांनी १९६१ साली तिच्यात महत्त्वाची सुधारणा केली. अक्कलदाढेच्या मागे जबड्याचे जे उभे हाड असते, ते दोन्ही बाजूंनी आतल्या आणि बाहेरच्या पापुद्र्यांत उभे चिरले जाते, जशी जाड फळी तिच्या जाडीतून चिरावी. दात असलेला पुढचा भाग मग मोकळा होऊन पुढे सरकवता येतो आणि सांध्याचा माथा असलेला मागचा भाग जागेवर राहतो. निदान राहावा, अशी अपेक्षा असते. खरी कसोटी इथेच आहे, कारण त्या क्षणी तो मागचा तुकडा कशालाच बांधलेला नसतो. भूल दिल्यामुळे चावण्याचे स्नायू पूर्ण सैल पडलेले असतात, रुग्ण उताणा निजलेला असतो, आणि एरवी माथ्याला खोबणीत धरून ठेवणारी ओढ नाहीशी झालेली असते. त्यामुळे माथा खाली किंवा मागे ओघळू शकतो. शल्यविशारदाला तो तुकडा हाताने हळुवार खोबणीत बसवून, तसाच धरून ठेवून, टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू लावावे लागतात. त्यासाठी उपकरणे निघालेली आहेत, पण बहुतेक ठिकाणी आजही हे काम हाताच्या अनुभवावरच चालते.

चिरलेल्या हाडाचे दोन पापुद्रे एकमेकांना कधीच हुबेहूब जुळत नाहीत. जबडा पुढे नेला, त्यातही एका बाजूला अधिक नेला, की त्यांच्यामध्ये फट पडते, आणि स्क्रू आवळताना ती फट बळाने मिटवली तर मागचा तुकडा पिळला जाऊन माथा खोबणीत आत किंवा बाहेर वळतो. म्हणून चांगला शल्यविशारद तिथे फट तशीच राहू देतो किंवा मध्ये हाडाचा तुकडा ठेवतो. स्क्रू लावून झाले की दात एकमेकांत बांधून ठेवणाऱ्या तारा तिथल्या तिथे सोडून जबडा हलक्या हाताने मिटवून पाहतात. चावा ठरल्याप्रमाणे बसला नाही, तर माथा खोबणीत नव्हता असे समजून स्क्रू काढून पुन्हा लावणे भाग असते. हीच चूक भूल उतरल्यानंतर उघडकीला आली, तर स्नायू माथ्याला पुन्हा खोबणीत ओढून नेतात आणि समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये फट पडते. वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेतही हा धोका आहे, जरी तिथे सांध्याला कोणी हात लावत नसले तरी: वरचा जबडा किती वर बसवायचा हे खालच्या जबड्याला आधार मानून ठरवले जाते, आणि त्या वेळी माथा खाली ओघळलेला असेल तर सगळे माप त्या ओघळलेल्या जागेवरून घेतले जाते.

पट्ट्या आणि स्क्रूंचा वापर १९७०च्या दशकात सुरू झाला. त्यापूर्वी तुकडे तारेने सैलसर बांधून दोन्ही जबडे सहा आठवडे एकमेकांना जखडून ठेवत. रुग्णाचे हाल होत, जबडा मागे घसरण्याचे प्रमाणही अधिक असे. परंतु तारेच्या त्या ढिलाईमुळे सांध्याच्या माथ्याला आपली जागा शोधण्याची थोडी मुभा मिळे. पट्ट्यांनी ती मुभा काढून घेतली. आता तोंड काही दिवसांत उघडता येते, जेवता-बोलता येते, आणि त्याबदल्यात माथा ज्या जागी धरला त्याच जागी पक्का होतो, मग ती जागा बरोबर असो वा चुकीची. खालचा जबडा मागे न्यायचा असेल तर काही शल्यविशारद अजूनही एक वेगळी पद्धत निवडतात, जिच्यात उभे हाड सरळ उभे कापून ते पट्टीशिवाय सोडले जाते. तिथे माथा किंचित खाली आणि पुढे येतो, सांध्यावरचा दाब हलका होतो, आणि आधीपासून सांधा दुखत असलेल्यांना त्याचा उपयोग होऊ शकतो. त्यासाठी काही आठवडे जबडे बांधून ठेवण्याची किंमत मोजावी लागते. माझा जबडा पुढे आणायचा असल्यामुळे माझ्यासाठी तो मार्ग नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर माथा थोडासुद्धा हलला नाही असे क्वचितच घडते, हे मी ऐकले तेव्हा मला धक्का बसला होता. त्रिमितीय सीबीसीटी (सीटी स्कॅनचाच एक प्रकार) चित्रे आधीची आणि नंतरची एकावर एक ठेवली की जवळजवळ प्रत्येकाचा माथा मिलिमीटरच्या काही अंशांनी सरकलेला आणि काही अंश कोनाने वळलेला दिसतो. त्यातले बरेचसे सरकणे पुढच्या सहा महिन्यांत ते वर्षभरात मूळ जागेच्या दिशेने परत येते; उरलेले सांधा सांभाळून घेतो, म्हणजे नव्या दाबाप्रमाणे माथ्याचे हाड एका बाजूला किंचित झिजते आणि दुसऱ्या बाजूला किंचित भरते. या बदलाला एक मर्यादा आहे आणि ती प्रत्येकाची निराळी असते. मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही की माथ्याची जागा आणि दुखणे यांचा हिशेब एकास एक जुळत नाही. माथा बराच सरकूनही काही जणांना कसला त्रास होत नाही, आणि चित्रात सर्व काही यथास्थित असताना काहींचा सांधा ठणकत राहतो.

माझ्या बाबतीत पहिले पाच आठवडे सूज, वरचे-खालचे दात एकत्र धरणारे रबर आणि पातळ आहार यांतच गेले. आई खानापूरजवळच्या गावाहून येऊन राहिली होती. तांदळाची पेज गाळून, नाचणीची आंबील ताकात पातळ करून ती सिरिंजने मला भरवत असे, आणि दररोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारी, ‘‘दुखतंय काय गं अजून?’’ सहाव्या आठवड्यात मी कुंदा या बेळगावी मिठाईचा एक कण जिभेने टाळूला दाबून खाल्ला, तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्याच सुमारास तोंड उघडण्याचा व्यायाम सुरू झाला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून त्यांची गड्डी दोन्ही दातांमध्ये सरकवायची आणि जमेल तशी तिच्यात एक-एक काडी वाढवायची. माझी सुरुवात आठ काड्यांनी झाली, म्हणजे सुमारे सोळा मिलिमीटर. मधली काडी सरकवताना लाकडाचा तो कोरडा वास आणि कानापुढची ओढ अजून माझ्या लक्षात आहे. त्या काळात डावा सांधा एकदाही वाजला नाही. मी समजले की तो बरा झाला, आणि तसे सर्वांना आनंदाने सांगितलेही. तेराव्या आठवड्यात, पंधरावी काडी आत जाताना, तो ओळखीचा आवाज पुन्हा आला. मी ती गड्डी तोंडातून काढली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. स्क्रू ढिले झाले, जबडा मागे चालला, सगळे व्यर्थ गेले, असे काय काय मनात येऊन गेले.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला माझाच जुना कागद दाखवला. शस्त्रक्रियेपूर्वी आवाज तीस मिलिमीटरवर होत असे, आणि पंधरा काड्या म्हणजे जवळपास तीसच. मधल्या तीन महिन्यांत सांधा बरा झालेला नव्हता. तोंडच तिथवर उघडत नव्हते, त्यामुळे माथ्याला चकतीच्या कडेपर्यंत पोचता येत नव्हते. हाड पुढे सरकवल्याने चकती आपोआप जागेवर येत नाही. काहींचा आवाज शस्त्रक्रियेनंतर कायमचा जातो, काहींचा तसाच राहतो, काहींचा पुढे केव्हातरी परततो. एकंदर अनुभव असा आहे की ज्यांना आधी त्रास होता, त्यांच्यापैकी बहुतेकांचा कमी होतो किंवा होता तेवढाच राहतो आणि थोड्यांचा वाढतो; आणि ज्यांना आधी काहीच नव्हते, त्यांच्यातल्या काही थोड्यांना नव्याने सुरू होतो. यात आधी कोण कुठे पडेल, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच निव्वळ सांध्याच्या दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, या मतावर मला भेटलेले सर्व जाणते डॉक्टर एक आहेत. माझे सकाळचे शिणणे आणि आवळणे मात्र आठव्या महिन्यापासून खरोखर थांबले आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. खालचा जबडा सतत पुढे धरून ठेवण्याची जी सवय मला नकळत लागली होती, तिची गरज उरली नाही, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते.

आता एक दुःखद गोष्ट सांगणे भाग आहे. तपासणीच्या रांगेत मला निपाणीकडची एक मुलगी भेटली होती. तिची शस्त्रक्रिया माझ्या आधी वर्षभर झालेली, तीही जबडा पुढे आणण्याचीच, आणि सुरुवातीला सर्व काही उत्तम बसलेले. दहाव्या महिन्यापासून तिला समोरच्या दातांमध्ये फट दिसू लागली. तंबाखूच्या वखारीत काम करणारी तिची आई म्हणाली, ‘‘आधी दोरा जायचा, आता बोट जातंय बघा.’’ तिच्या दोन्ही सांध्यांचे माथे झिजून लहान होत चालले होते. सांध्याच्या नव्या दाबाशी जुळवून घेण्याची जी मर्यादा मी वर सांगितली, ती ओलांडली गेली की हाड घडण्याऐवजी विरघळत जाते, जबड्याची उंची मागच्या बाजूला कमी होते आणि तो पुन्हा मागे फिरतो. हे फार थोड्यांना होते, पण ज्यांना होते त्या बहुतांश तरुण स्त्रिया असतात. खालचा जबडा मुळात बराच मागे आणि उतरता, माथे आधीच बारीक, आणि जबडा पुढे आणण्याचे अंतर मोठे, अशा स्थितीत धोका वाढतो. सहसा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ते लक्षात येते. दुखतेच असे नाही, म्हणून चावा बदलतो आहे का याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. झीज चालू असताना पुन्हा हाड कापण्यात अर्थ नसतो; ती थांबेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि नंतर दुसरी शस्त्रक्रिया किंवा क्वचित कृत्रिम सांधा, असे पर्याय उरतात.

म्हणून जी मुलगी आता दातांना तारा लावून शस्त्रक्रियेची वाट पाहत असेल, तिने शल्यविशारदाला सांध्याविषयी नि:संकोच विचारावे: तोंड किती उघडते आणि आवाज कुठे होतो हे आधी मोजून लिहिले आहे का, माथ्यांचा आकार चित्रात कसा आहे, गेल्या वर्षभरात चावा आपोआप बदलला आहे का, दुखत असेल तर चकतीसाठी एमआरआय काढायचा का, आणि शस्त्रक्रियेनंतर सांध्याची चित्रे केव्हा केव्हा निघणार आहेत. सीटी हाड दाखवते, चकती एमआरआयमध्येच दिसते, हा फरक माहीत असावा. सांधा दुखत असेल, तर तो आधी शांत करून घ्यावा. रात्री दातांवर लावायची प्लेट, मऊ आहार, व्यायाम, औषधे या साध्या उपायांना काही महिने द्यावे लागले तरी द्यावेत. बेळगावात दोन दंतमहाविद्यालये आहेत, त्यामुळे एवढ्यासाठी पुण्या-मुंबईला धावण्याची गरज नाही. आणि डॉक्टर या प्रश्नांना कंटाळत असतील, तर दुसरे मत घेण्यात त्यांचा अपमान होत नाही.

माझे तोंड आता एकेचाळीस मिलिमीटर उघडते. डावा सांधा मोठी जांभई दिली तरच वाजतो आणि दुखत नाही. मागच्या चित्रात डावा माथा आधीपेक्षा किंचित मागे बसलेला दिसला, पण वर्षभरात त्याचा आकार बदललेला नाही. भाकरीचा तुकडा मी समोरच्या दातांनी तोडते. निपाणीच्या त्या मुलीचा गेल्या आठवड्यात फोन आला होता. सलग दोन चित्रांत झीज वाढलेली नाही, आणखी सहा महिने तसेच राहिले तर पुढचे ठरवू, असे तिला सांगण्यात आले आहे. आमची दोघींची पुढची तपासणी दिवाळीनंतर एकाच दिवशी आहे.